फेलूदा मुलांच्या हाती देताना: कोणतं पुस्तक आधी, कोणतं नंतर

दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत मिळणारी रहस्यकथांची एकच मालिका निवडायची झाली, तर आमचं मत सत्यजित राय यांच्या फेलूदाला. मात्र अख्खा संच आणून कपाटात लावला की मूल आपोआप वाचत सुटतं, असं होत नाही. या मालिकेतल्या कथांची पातळी एकसारखी नाही. काही कथा नऊ वर्षांच्या मुलालाही पकडून ठेवतात, काहींसाठी तेरावं लागलेलं बरं, आणि काही तर फेलूदाची सवय झाल्यावरच गोड लागतात. पहिलंच पुस्तक चुकीचं हाती पडलं तर मूल पंचवीस-तीस पानांवर थांबतं आणि ‘बोअर आहे’ म्हणून मोकळं होतं. त्यामुळे हे परीक्षण निवडीबद्दल आणि क्रमाबद्दल जास्त आहे. गुन्हेगार कोण, हे कुठेही सांगितलेलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण कथांची घडण तिच्यातून कळते. ‘संदेश’ हे बंगाली मुलांचं मासिक राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ साली सुरू केलं होतं. मधे बंद पडलेलं हे मासिक सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये पुन्हा चालू केलं. त्यात मजकूर तर हवाच होता, म्हणून ते स्वतः लिहू लागले. डिसेंबर १९६५ च्या अंकात फेलूदा पहिल्यांदा आला, तीन हप्त्यांच्या एका छोट्या दार्जिलिंग-कथेत. पुढे बऱ्याचशा कादंबऱ्या ‘देश’ साप्ताहिकाच्या पूजा अंकात आल्या. आपल्याकडे दिवाळी अंक जसा घरातले सगळे आळीपाळीने वाचतात, तसाच तिकडे हा अंक. म्हणजे सुरुवातीच्या कथांचा वाचक शाळकरी मुलगा, तर नंतरच्या कादंबऱ्यांचा वाचक अख्खं घर. मालिकेतला चढउतार बराचसा इथून येतो. १९६५ पासून १९९२ मध्ये राय यांचं निधन होईपर्यंत पस्तीस कथा-कादंबऱ्या पूर्ण झाल्या.

मराठीत रोहन प्रकाशनाने ही मालिका अशोक जैन यांच्या अनुवादातून आणली, सुटी पुस्तकं आणि संच अशा दोन्ही रूपांत. जैन पत्रकारितेत मुरलेले होते आणि ते वाक्यांत जाणवतं: छोटी, बोलती, पुढे ढकलणारी. मुलांना हे मानवतं. खाली कथांची नावं मूळ बंगालीच दिली आहेत. मराठी पुस्तकांची नावं वेगळी आहेत, त्यामुळे घेताना मलपृष्ठावर गावाचं नाव पाहावं: जैसलमेर, काशी, वेरूळ, सिमला. प्रत्येक कथेला स्वतःचं असं गाव असतं, त्यामुळे त्यावरून कथा ओळखता येते.

मुलाने वाचायला घेण्याआधी दोन मिनिटं नावांवर घालवावीत, कारण पहिला अडथळा तिथेच येतो. प्रदोष मित्र हे खरं नाव, घरातलं नाव फेलू, आणि ‘दा’ म्हणजे आपला दादा. ‘मित्र’ आणि ‘मित्तिर’ हे एकच आडनाव. गोष्ट सांगणारा तोपशे म्हणजे तपेशरंजन, फेलूदाचा चुलतभाऊ. लालमोहन गांगुली आणि जटायू ही दोन माणसं नाहीत. जटायू हे लालमोहनबाबूंचं टोपणनाव, कारण ते थरारकथा लिहितात. सिधू ज्याठा म्हणजे थोरल्या काकांच्या जागी असलेले गृहस्थ, ज्यांच्याकडे वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा डोंगर आहे. ही पाच नावं एका कागदावर लिहून ती चिठ्ठी खूण म्हणून पुस्तकात ठेवावी. बाकीची बंगाली नावं वाचता वाचता आपोआप बसतात.

आता मुद्द्याचं: मुलांना यात एवढं काय आवडतं?

दार्जिलिंगची पहिली कथाच जवळून बघू. राजेनबाबू नावाच्या, जुन्या वस्तू जमवणाऱ्या सज्जन गृहस्थांना एक धमकीचं पत्र येतं. तुमच्या अन्यायाची शिक्षा भोगायला तयार व्हा, अशा अर्थाचं. हाताने लिहिलेलं एकही अक्षर नाही. छापील मजकुरातून शब्द कापून कागदावर चिकटवलेले. फेलूदा त्या कागदाकडे ज्या पद्धतीने बघतो, तिथे मूल गळाला लागतं. अक्षरं कशातून कापली असतील? कशाने चिकटवली? वास कसला येतो? जो माणूस असं पत्र करतो, त्याच्या हाताशी कोणतं छापील साहित्य असेल? यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, पोलिसांची ओळख लागत नाही, बंदूकही लागत नाही. कात्री, कागद आणि गोंद घेऊन बसलेल्या कुठल्याही मुलाला ही तपासणी करता येते, आणि वाचून झाल्यावर बरीच मुलं असं पत्र बनवतातच. त्यानंतर संशयितांची ओळख होते. चारच माणसं, प्रत्येकाचं राजेनबाबूंशी काही ना काही नातं किंवा देणंघेणं. चार हा आकडा या वयाला नेमका बसतो. दोन असले तर नाणेफेक होते, आठ झाले की नावं मागे उलटून बघावी लागतात.

आणि हे सगळं सांगणारा तोपशे त्या कथेत साडेतेरा वर्षांचा आहे. फेलूदा सत्तावीसचा. या दोन वयांवर मालिका उभी आहे, असं आमचं ठाम मत. मोठ्यांच्या गुप्तहेरकथांतला सोबती बहुतेक वेळा मोठा माणूसच असतो, आणि हुशार नायकापुढे तो मंद वाटावा म्हणून त्याला थोडं मागे ठेवलेलं असतं. तोपशे मंद नाही, तो लहान आहे. त्याला काही कळलं नाही तर त्यात कमीपणा नाही, आणि काही कळलं तर फेलूदा त्याची पाठ थोपटतो. फेलूदा त्याला बरोबर नेतो, त्याच्याशी नीट बोलतो, त्याला कामं देतो: यावर नजर ठेव, हे आठवून सांग, हे लिहून घे. घरात ‘मोठे बोलताना मधे बोलायचं नाही’ ऐकणाऱ्या मुलाला ही वागणूक काय वाटत असेल, हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. तोपशे जिथे असतो तिथे वाचकही असतो, आणि तोपशेला जे दिसतं ते वाचकालाही दिसतं. ‘सोनार केल्ला’मध्ये एका नावाच्या स्पेलिंगमधलं एकच अक्षर महत्त्वाचं ठरतं. ते अक्षर डोळ्यांसमोरून जातं आणि दहापैकी नऊ मुलांना त्याची दखलही घ्यावीशी वाटत नाही. शेवटी उलगडा झाला की मूल मागे जाऊन ते पान शोधतं. हे मागे जाऊन शोधणं म्हणजे चांगल्या रहस्यकथेची खरी कसोटी. पान सापडलं आणि धागा खरोखर तिथे होता, तर मूल पुढचं पुस्तक जास्त सावधपणे वाचतं. धागा तिथे नसला तर मुलाला फसवल्यासारखं वाटतं, आणि मुलं हे विसरत नाहीत. फेलूदाच्या चांगल्या कथांत धागा पानावर असतो. सगळ्याच कथांत असतो असं मात्र नाही. ते पुढे येईलच.

तिसरं कारण जटायू. ‘सोनार केल्ला’मध्ये राजस्थानकडे जाणाऱ्या गाडीत हे गृहस्थ प्रथम भेटतात, आणि त्यानंतर मालिकेचा रंगच बदलतो. पुस्तकं धडाधड खपणारा हा लेखक, नावं सगळी यमकदार आणि अनुप्रासाने ठासून भरलेली, मजकुरात मात्र भूगोलाच्या आणि विज्ञानाच्या चुका. फेलूदा त्या चुका शांतपणे दुरुस्त करतो आणि लालमोहनबाबू त्या पुढच्या आवृत्तीसाठी आनंदाने मान्य करतात. इथे मुलाला एकाच वेळी तीन गोष्टी मिळतात: हसायला एक माणूस, न कळत शिरणारी माहिती, आणि मोठा माणूसही चुकतो, चूक कबूल करतो आणि तरीही सगळ्यांचा लाडका राहतो हा दिलासा. जटायू भित्रे आहेत, पण वेळ आली की पळून जात नाहीत. मुलांचं फेलूदावर जेवढं प्रेम असतं, त्यापेक्षा काकणभर जास्तच जटायूवर असतं.

आता क्रम.

नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी सुरुवात दार्जिलिंगच्या कथेने करावी. छोटी आहे, मारामारी नाही, प्रेत नाही. रात्री मुखवटा घातलेला कुणीतरी खोलीत शिरतो, तेवढीच भीती. फक्त ही कथा मालिकेची उंची दाखवत नाही. इथे राय स्वतःच पात्रं चाचपून पाहत आहेत. चव कळावी एवढंच तिचं काम.

दुसरं पुस्तक ‘बाक्श रहस्य’. आमच्या मते नवख्या वाचकासाठी सगळ्या मालिकेतली ही सर्वांत स्वच्छ मांडणी. कोलकात्याला येणाऱ्या गाडीच्या डब्यात चार प्रवासी. उतरताना एकाची बॅग दुसऱ्याच्या तशाच दिसणाऱ्या बॅगेशी बदलली जाते. ती परत करायची, एवढंच काम फेलूदाकडे येतं. प्रश्न मुलाला एका वाक्यात सांगता येतो, संशयित डब्यातल्या माणसांइतकेच, आणि बॅगेत सापडलेल्या वस्तूंवरून मालक कसा असेल याचा अंदाज बांधायचा, हा खेळ पहिल्या काही पानांतच सुरू होतो. इथे पुस्तक मिटून मुलाला विचारावं: तुझं दप्तर कुणाला सापडलं तर त्याला तुझ्याबद्दल काय काय कळेल? तपास म्हणजे काय, हे दुसऱ्या कुठल्याही स्पष्टीकरणाने इतकं पटकन कळत नाही. पुढे कथा सिमल्याच्या बर्फात जाते आणि वेग घेते.

त्यानंतर ‘सोनार केल्ला’. मुकुल नावाच्या लहान मुलाला मागच्या जन्मीचा सोन्याचा किल्ला आठवतो, त्याला घेऊन एक डॉक्टर राजस्थानला जातात, आणि त्या किल्ल्यात खजिना असणार असं समजून काही लोक मागे लागतात. फेलूदा, तोपशे आणि वाटेत भेटलेले जटायू त्यांच्या मागावर. जैसलमेरचा पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला उन्हात सोन्यासारखा दिसतो, या एका खऱ्या गोष्टीवर अख्खी कथा तोललेली आहे. बिछान्यातला विंचू, टायर फुटल्यावर उंटावरून गाडी गाठायची धडपड, रात्रीचं निर्जन स्टेशन: थरार भरपूर आहे, पण रक्त जवळजवळ नाही. पुनर्जन्माबद्दल मूल हमखास विचारतं. कथेत त्यावर ठाम निकाल नाही, आणि तो आपणही घाईने देऊ नये; मुकुलला नेमकं काय आठवतं आणि लोक त्याचा काय अर्थ लावतात, यातला फरक मुलालाच शोधू द्यावा.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी चौथं पुस्तक आपसूक ठरतं: ‘कैलाशे केलेंकारी’. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातलं यक्षीचं मुंडकं चोरीला जातं, ते परदेशात नेणारं विमान कोसळतं, आणि मूर्तिचोरांचा माग काढत तिघे वेरूळला पोचतात. कथा १९७३ ची. पुरावस्तूंची तस्करी रोखण्यासाठीचा केंद्र सरकारचा कायदा १९७२ चा, म्हणजे राय यांनी तेव्हाचा अगदी ताजा विषय उचलला होता. इथे गुन्हा एखाद्या शेठजीचा हार गेल्याचा नाही, सगळ्यांच्या मालकीचं काहीतरी चोरीला जातंय, हे मुलांना पटतं आणि ती चिडतात. अकरा वर्षांच्या मुलाला हा राग समजतो.

जमल्यास हे पुस्तक वाचून झाल्यावर वेरूळला जावं, आधी नव्हे. आधी गेलेलं मूल ‘लेणी बघितली’ म्हणतं. पुस्तक वाचून गेलेलं मूल कुठे लपता येईल ते बघतं. छत्रपती संभाजीनगरपासून अंतर साधारण ३० किलोमीटर. मंगळवारी लेणी बंद असतात, अजिंठा सोमवारी; या दोन वारांची गल्लत करून आलेली कुटुंबं फाटकावरून परत जातात. सोळा नंबरच्या कैलास लेण्यात सरळ आत शिरण्याआधी बाजूच्या वाटेने कातळावर चढून वरून खाली बघावं. मागच्या बाजूला कातळ साधारण शंभर फूट उंच आहे, आणि हे देऊळ वरून खाली कोरत आणलं हे तिथूनच कळतं. कथेत या उंचीला महत्त्व आहे. कठडा सगळीकडे नाही, मुलाचा हात धरावा. शेजारचं पंधरा नंबरचं दशावतार लेणं लोक घाईत सोडतात. त्याच्या जिन्याच्या अंधारात दोन मिनिटं उभं राहिलं की पुस्तकातली रात्र डोळ्यांसमोर येते.

मग ‘बम्बइयेर बोम्बेटे’. जटायूंच्या कादंबरीवर हिंदी सिनेमा निघतो, तिघे मुंबईला येतात, आणि कुणाला तरी द्यायचं म्हणून दिलेलं एक पाकीट त्यांच्या गळ्यात पडतं. लिफ्टमधला खून, अत्तराचा वास, खंडाळा-लोणावळ्याकडच्या रुळांवर चाललेलं शूटिंग, शिवाय नानासाहेब पेशव्यांच्या नौलखा हाराचा धागा. रहस्य म्हणून ही कथा मध्यम आहे, वेगासाठी मात्र अव्वल. वाचायचा कंटाळा असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला पहिलं पुस्तक म्हणून हेच दिलं तरी चालेल, कारण त्याला जागा ओळखीच्या वाटतात.

‘जय बाबा फेलूनाथ’ ही काशीची कथा, गणपतीच्या मौल्यवान मूर्तीची. मालिकेतला सर्वांत जबरदस्त खलनायक मगनलाल मेघराज इथे येतो. तो ओरडत नाही. सरबत मागवतो, हसतो आणि जटायूंना फळीसमोर उभं करून म्हाताऱ्या अर्जुनकरवी त्यांच्या भोवती सुऱ्या फेकायला लावतो. हा प्रसंग हळव्या मुलांना झोंबतो. शारीरिक इजेपेक्षा आपल्या लाडक्या माणसाची चाललेली मानहानी त्यांना जास्त लागते. म्हणून बारा पूर्ण झालेलं बरं, आणि हे प्रकरण झोपताना वाचायला घेऊ नये. पण पुस्तक टाळू मात्र नका. थरारकथा वाचून वाचून स्वतःच गोष्टी रचणारा एक छोटा मुलगा यात आहे, आणि वाचणारं मूल त्याच्यात स्वतःला बघतं.

‘गोरस्थाने साबधान’ आणि ‘छिन्नमस्तार अभिशाप’ या दोन्ही आमच्या मते लेखन म्हणून सर्वांत सरस, आणि म्हणूनच शेवटी. पहिलीत कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीटवरची १७६७ मध्ये सुरू झालेली जुनी दफनभूमी आहे, वादळ आहे, एक दुर्मीळ घड्याळ आहे. दुसरीत हजारीबागचं कुटुंब, सर्कशीतून निसटलेला वाघ आणि कोड्यांत बोलणारे म्हातारे वडील. गुन्ह्यापेक्षा माणसांचं जुनं दुःख मोठं होतं, आणि ते पेलायला तेरा-चौदाचं वय लागतं. काठमांडूची कथाही याच वयासाठी राखावी. तिच्यात बनावट औषधांचा धंदा आहे आणि साखरेच्या खड्यातून मादक पदार्थ देण्याचा प्रसंगही. वाचून झाल्यावर घरात त्यावर बोलणं व्हायला हवं.

आता उणिवा, ज्या घेणाऱ्याला आधी माहीत असायला हव्यात. फेलूदा सिगारेट ओढतो, तीही सतत, चारमिनार. तो विचारात पडला की धूर आलाच. काळ १९६५ ते १९९२ चा आहे, तेव्हा हे कुणाला खटकत नव्हतं. आज घरात मुलाने विचारलं तर सरळ सांगावं. लपवण्यात अर्थ नाही, कारण ते पानोपानी आहे. दुसरी उणीव मोठी: बायका आणि मुली जवळजवळ नाहीतच. राय यांना मुलांसाठी ‘स्वच्छ’ रहस्यकथा लिहायच्या होत्या, म्हणजे प्रेमप्रकरणं नकोत आणि हिंसा बेताची. त्या नादात त्यांनी अर्धं जगच बाहेर ठेवलं. मुलींना तरीही कथा आवडतात, पण ‘यात मुलगी का नाही’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला कथांच्या आत उत्तर सापडत नाही.

तिसरी उणीव साच्याची. श्रीमंत वृद्ध गृहस्थ, त्यांची एखादी दुर्मीळ वस्तू, एक सेक्रेटरी, एक-दोन मुलगे किंवा भाऊ, एक बाहेरून आलेला संग्राहक: ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी कथा याच सामानावर उभ्या आहेत. सलग पाच वाचलेलं मूल सहावीत सेक्रेटरीवर आधीच बोट ठेवतं. त्यातच काही उत्तरार्धातल्या कथांत फेलूदा एकटा कुठेतरी जाऊन येतो, एक-दोन फोन करतो, आणि तिथे काय कळलं ते थेट शेवटी सांगतो. मघाशी म्हटलेला प्रामाणिकपणा इथे सुटतो. म्हणून संच एका सुट्टीत संपवू देऊ नये. दोन फेलूदांच्या मधे दुसरं काहीतरी हवं.

शब्दकोड्यांच्या कथांचं एक वेगळंच दुखणं आहे. ‘घुरघुटियार घटना’मध्ये पोपट जे वाक्य म्हणतो, त्यात आकडे दडलेले आहेत, आणि ते बंगाली उच्चारांतच ऐकू येतात. अनुवादक कितीही कसलेला असला तरी मूल ते स्वतःहून सोडवू शकत नाही. अशा कथा गोष्ट म्हणून वाचाव्यात, कोडं म्हणून देऊ नयेत. उलट ‘समाद्दारेर चाबी’ संगीताभोवती फिरते. हार्मोनियम शिकणाऱ्या मुलाला ती देऊन बघाच.

वाचनाची पद्धत. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पहिली दोन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवावीत. एकेकाला वीसेक मिनिटं लागतात. सगळी पात्रं तोपर्यंत येऊन जातात आणि नावांचा अडसर निघतो. तिसऱ्यापासून मूल स्वतः वाचतं. फेलूदा सगळ्यांना एका खोलीत जमवतो, ती जागा आली की थांबायचं. एका कागदावर प्रत्येक संशयिताचं नाव, तो पहिल्यांदा कुठे दिसला, काय म्हणाला आणि गुन्ह्याच्या वेळी कुठे होता, एवढं मुलाने लिहायचं. मग नाव ठरवायचं आणि कारण सांगायचं. कारण नसताना नुसतं नाव बरोबर आलं तर ते धरायचं नाही. बहुतेक मुलं जो माणूस उर्मट वाटतो त्याच्यावर संशय घेतात, आणि राय यांना हे पक्कं ठाऊक होतं.

हा कागद एक-दोन पुस्तकांपुरताच. प्रत्येक वेळी लिहायला लावलं तर तो गृहपाठ होतो आणि मूल पुस्तकच टाळायला लागतं. काही मुलं शेवटचं पान आधी वाचतात. त्यांना रागावू नये; बऱ्याचदा ती भीतीपोटी तसं करतात, कुणी मरत तर नाही ना हे बघायला. अशा मुलाला ‘तिघेही सुखरूप परत येतात’ एवढं आधीच सांगून टाकावं, मग ते शेवट सोडून देतं.

फेलूदा आपली टिपणं इंग्रजी भाषेत पण ग्रीक अक्षरांत लिहितो, म्हणजे वही कुणाच्या हाती लागली तरी वाचता येऊ नये. मुलांना हे भलतंच आवडतं. आपल्याकडे यासाठी मोडी लिपी आयती आहे. मोडीची वर्णमाला छापून भिंतीला लावली तर थोड्याच दिवसांत मूल आपलं नाव आणि छोटे निरोप मोडीत लिहू लागतं, आणि फेलूदाची वही घरात तयार होते. ट्रंक कॉल, तार, सर्किट हाऊस, ॲम्बॅसडर गाडी हे शब्द मात्र समजावून सांगावे लागतात. ‘मोबाइलवरून का नाही सांगितलं?’ हा प्रश्न येतोच. निरोप पोचायला लागणारा वेळ हाच कित्येक कथांचा ताण आहे, हे एकदा कळलं की मूल पुन्हा विचारत नाही.

फास्टर फेणेशी तुलना केल्याशिवाय मराठी घरात हा विषय संपत नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा, सायकलवरून सुसाट सुटणारा, ‘ट्टॉक’ करणारा. तो स्वतःच मूल आहे आणि संकटात आधी उडी घेतो, विचार नंतर. ती साहसकथा आहे, फेलूदा तर्ककथा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला फेणे आधी द्यावा, कारण त्याची भाषा घरची आहे आणि वेग जास्त आहे. ‘पुढे काय होणार’ विचारणारं मूल ‘हे कुणी केलं असेल’ असं विचारू लागलं की फेलूदाची वेळ झाली. आणि दोन फेलूदांच्या मधे वाचायलाही फेण्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

राहिला सिनेमा. राय यांनी स्वतः दोन केले: ‘सोनार केल्ला’ १९७४ मध्ये आणि ‘जय बाबा फेलूनाथ’ १९७९ मध्ये. सौमित्र चटर्जी फेलूदा, संतोष दत्त जटायू. दोन्ही उत्तम, पण ‘सोनार केल्ला’ आधी पुस्तकात वाचायलाच हवा. पुस्तकात खलनायक कोण हे शेवटपर्यंत झाकलेलं आहे, तर सिनेमात राय यांनी ते मुद्दाम सुरुवातीलाच उघड केलं, आणि रहस्याच्या जागी पाठलागाचा ताण आणला. आधी सिनेमा पाहिलेल्या मुलाला पुस्तकात सोडवायला काही उरत नाही. उलट पुस्तक वाचून सिनेमा बघणारं मूल, राय यांनी काय बदललं ते स्वतःहून मोजत बसतं.

खरेदीचं म्हणाल तर आधी वाचनालयातून किंवा सुटी अशी दोन पुस्तकं आणावीत: एक सिमल्याचं आणि एक जैसलमेरचं. दुसरं संपल्यावर मुलाने तिसरं आपणहून मागितलं तर संच घ्यावा. नाही मागितलं तर सहा महिने थांबून वेरूळचं पुस्तक द्यावं.